दगडाचे नाते कोण सांगतो? : तापुतापुआतेआ, जुनापाणी आणि मेळघाटातला मुठवा

बारा वर्षांपूर्वी एका स्थानिक स्मरणिकेसाठी मी एक लेख लिहिला होता. मेळघाटातल्या कोरकू गावांच्या कडेला झाडाखाली मुठवा देवाचे जे दगड मांडलेले असतात, त्यांचे नाते प्रशांत महासागरातील पॉलिनेशियन लोकांच्या ‘मराए’ या पवित्र दगडी स्थानांशी आहे, असे त्यात मी ठामपणे मांडले होते. लेख लोकांना आवडला. अकोल्यातल्या दोन शाळांनी व्याख्यानाला बोलावले. अजूनही एखाद्या समारंभात कोणी वक्ता ‘आपल्या सातपुड्याचे नाते ताहितीपर्यंत पोचते’ असे म्हणतो, तेव्हा ते वाक्य बहुधा माझेच असते.

ते वाक्य मी आज मागे घेतो आहे. चूक कबूल करणे हा या लेखाचा एक हेतू आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ही चूक माझ्या एकट्याची नाही. दगडांवर लिहिणाऱ्या मोठमोठ्या अभ्यासकांनी ती केली आहे आणि आपल्याकडच्या हौशी संशोधनात ती आजही सर्रास होते. ती कशी होते आणि तिच्यापायी आपल्या डोळ्यांदेखत असलेले काय निसटते, हे तपासून पाहावे म्हणून हे लेखन.

माझ्याबद्दल एवढेच सांगतो की मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. अठ्ठावीस वर्षे जिनिंग-प्रेसिंगच्या हिशेबात गेली. पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र जे काही कळले ते सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून आणि एस. टी.ने फिरून. पॉलिनेशिया मी पाहिलेला नाही. तिथली सहल माझ्या बाबतीत पुस्तकांतूनच झाली.

१

मराए म्हणजे काय, ते आधी सांगायला हवे. पॉलिनेशियाच्या पूर्व भागात, ताहिती आणि आसपासच्या बेटांवर, दगडांनी फरसबंद केलेले मोकळे आयताकृती अंगण असते. एका टोकाला ‘आहू’ नावाचा उंच चौथरा, अंगणात काही उभे दगड. मूळ शब्दाचा अर्थच मोकळी, साफ केलेली जागा. आपल्या वऱ्हाडी खेड्यातले आखर डोळ्यांपुढे आणावे, म्हणजे जागेची कल्पना येते. तिथे देवाला आवाहन होई, सरदाराला गादीवर बसवले जाई, कुळाचे मोठे निर्णय होत.

या मराएंमध्ये सर्वांत मानाचे तापुतापुआतेआ. ते राइआतेआ बेटावर ओपोआ या ठिकाणी, समुद्राच्या काठाला आहे. ओरो या देवाचे हे मुख्य स्थान. दूरदूरच्या बेटांवरून होड्या येत, त्या प्रवाळाच्या कड्यातल्या एका पवित्र मानलेल्या खिंडीतून आत शिरत. दुसऱ्या बेटावर नवे मराए बांधायचे असले, की या जागेचा एक दगड तिकडे नेऊन पायात बसवत. १७६९ मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावर चढलेला प्रसिद्ध नाविक-पुजारी तुपाइआ याच बेटाचा. तो १७७० मध्ये बटाव्हियात वारला. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मिशनरी आले, लोक ख्रिस्ती झाले आणि मराए ओस पडले.

अशा ओस पडलेल्या तापुतापुआतेआला एका विद्वानाने दिलेल्या भेटीचे वर्णन मी तेव्हा वाचले होते, आणि नीट न समजता वापरलेही होते. तो विद्वान म्हणजे सर पीटर बक, माओरी नाव ते रांगी हिरोआ. आई माओरी, वडील आयरिश. आधी डॉक्टर, मग न्यूझीलंडच्या संसदेचा सदस्य आणि पुढे होनोलुलूच्या बिशप म्युझियमचा संचालक. त्याचे ‘व्हायकिंग्ज ऑफ द सनराइज’ हे पुस्तक १९३८ चे. माओरींच्या परंपरेत ज्या आदिभूमीचे नाव पिढ्यान् पिढ्या घेतले जाते, तीच ही जागा. बक तिथे यात्रेकरूच्या भावनेने गेला. गवत माजलेले, माणूसकाणूस नाही. आत काहीतरी जागे होईल, पूर्वज काही सांगतील अशी त्याची अपेक्षा होती. तसे काही झाले नाही. मेलेले बोलले नाहीत, अशी खंत त्याने लिहून ठेवली आहे; रडू यावे इतका तो खिन्न झाला होता.

मी माझ्या जुन्या लेखात या भेटीचा उल्लेख ‘दगड आजही बोलतात’ या मथळ्याखाली केला होता. मूळ पानावर याच्या नेमके उलट लिहिलेले आहे! हे मला दुसऱ्या वाचनात कळले, आणि माझ्या लेखाची पहिली वीट तिथेच निखळली.

मराठीत लेणी, वीरगळ, शिळा यांवरचे लेखन वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लेखक तिथे पोचतो, ऊन कलते, आणि दगड त्याच्याशी बोलू लागतात. आजवर ते कोणाशी बोलले नाहीत असे झालेलेच नाही. बकचे मोठेपण मला आता यात वाटते, की बोलके दगड ऐकण्याचा सर्वाधिक हक्क ज्याचा होता, त्याने काही ऐकू आले नाही असे प्रामाणिकपणे लिहिले.

२

आता माझे तीन आधार काय होते ते सांगतो.

पहिला आधार दिसण्याचा. इथे दगड उभे, तिथेही दगड उभे. या तर्काची परंपरा आपल्याच भागात जुनी आहे. नागपूर-काटोल रस्त्यावर जुनापाणी इथे शेकडो शिळावर्तुळे आहेत. १८६७ मध्ये तिथे उत्खनन केले रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने. हा गृहस्थ मध्य प्रांत व वऱ्हाडचा कापूस आयुक्त, म्हणजे माझ्या धंद्यातलाच म्हणायचा. काही दगडांवर वाटीसारखे लहान खळगे कोरलेले त्याला दिसले. तसेच खळगे युरोपातल्या दगडांवर असल्याचे तो जाणून होता. त्याने दोन्हींची तुलना मांडली आणि त्या काळच्या विद्वानांत चर्चा रंगली.

वर्तुळांखाली काय आहे हे पुढच्या शतकात नीट कळले. जुनापाणीला १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे ब. के. थापर यांनी, तर टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनने केली. लोखंडी हत्यारे, तांब्याच्या वस्तू, काळी-तांबडी मडकी आणि माणसांबरोबर पुरलेले घोडे मिळाले. माहुरझरीच्या घोड्यांच्या डोक्यावर तांब्याचे अलंकार होते, तर नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे ही वर्तुळे दफनाची, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. ही माणसे राहत कशी, याचे चित्र अमरावती जिल्ह्यातल्या फुपगावने दिले. चांदूर बाजार तालुक्यात पूर्णेच्या वळणावर २०१८-१९ मध्ये झालेल्या उत्खननात त्याच काळाच्या वस्तीतील गोल घराचा आराखडा, चुली आणि मणी मिळाले.

याच्या शेजारी मराए ठेवून पाहा. पूर्व पॉलिनेशियात माणूस पोचला तोच साधारण हजार वर्षांपूर्वी. विदर्भातली वर्तुळे तोवर दीड हजार वर्षे तरी जुनी झालेली होती. इकडे मृतासाठी मातीखाली केलेली सोय, तिकडे जिवंतांनी जमण्याचे अंगण. दगड उभा केला एवढेच काय ते साम्य. आणि मुठव्याचे दगड तर या दोहोंपैकी कशासारखेच दिसत नाहीत. फोटो काढताना मी कॅमेरा जमिनीलगत ठेवला होता, म्हणून ते उंच दिसले.

दुसरा आधार भाषेचा, आणि हा जरा वजनदार होता. कोरकू ही मुंडा भाषा. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ मधल्या खंडात ती त्या गटात नोंदली आहे. त्याच वर्षी व्हिल्हेल्म श्मिट या विद्वानाने मुंडा-ख्मेर भाषांचे कूळ आणि मलय-पॉलिनेशियन भाषांचे कूळ यांना एकत्र करून ‘ऑस्ट्रिक’ नावाचे महाकूळ कल्पिले. पुढे १९२८ मध्ये रॉबर्ट फॉन हाइने-गेल्डर्न याने आग्नेय आशियातल्या महापाषाणांवर विस्तृत निबंध लिहून त्यांचा संबंध युरोप आणि पॉलिनेशिया या दोन्ही टोकांशी लावला. मला वाटले, साखळी पूर्ण झाली. कोरकू, मुंडा, ऑस्ट्रिक, पॉलिनेशियन.

साखळीची प्रत्येक कडी ओढून पाहायची असते. ऑस्ट्रिक महाकूळ शंभराहून अधिक वर्षांनंतरही सिद्ध झालेले नाही. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ते गृहीत धरत नाहीत. समजा उद्या सिद्ध झाले, तरी त्याने भाषांचे नाते ठरेल, दगडांचे नव्हे. झारखंडातले मुंडा मृतांसाठी शिळा मांडतात हे खरे. पण बस्तरचे माडिया गोंडही मृतांसाठी दगड उभारतात, आणि त्यांची भाषा द्राविडी. उलट कोरकू, ज्यांच्या नावावर मी हे सारे उभे केले, ते मृताच्या स्मरणार्थ लाकडाची कोरीव फळी उभारतात. तिला ‘मुंडा’ म्हणतात. तिच्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार कोरलेले असतात. तेव्हा दगड उभारण्याची चाल भाषेबरोबर वारशाने येते हे म्हणणे पहिल्याच परीक्षेत नापास होते. हे तिन्ही संदर्भ मी तेव्हा वाचलेले होते. माझ्या मताला अडचणीचे म्हणून वहीतच राहू दिले.

तिसऱ्या आधाराचा उल्लेख करतानाही संकोच वाटतो. ‘मराए’ आणि आपली ‘मरीमाय’ यांत मला ध्वनिसाम्य दिसले होते. लेख छापून आल्यावर एका निवृत्त भाषाशिक्षकांचे पोस्टकार्ड आले. मरीमाय ही मरीची, म्हणजे साथीच्या रोगाची देवी, हे त्यांनी दोन ओळींत सांगितले होते. पुढे लिहिले होते की जपानीत ‘आइ’ म्हणजे प्रेम, तेव्हा पुढच्या लेखात आपण आपली आई जपानला न्यावी. मी उत्तर पाठवले नाही. ते गृहस्थ आता हयात नाहीत.

दिसण्यावरून नाते जोडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग थोर हेयरडालचा. १९४७ मध्ये ‘कोन-टिकी’ हा तराफा पेरूहून निघाला आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियात लागला. ईस्टर बेटावरचा विनापूचा घडीव दगडी चौथरा पेरूतल्या इंकांच्या भिंतीसारखा दिसतो, यावर त्याचा मोठा भर होता. पॉलिनेशियन लोक पश्चिमेकडून, आग्नेय आशियाच्या बाजूने आले, हे भाषा, खापरे आणि पुढे जनुकांनी दाखवून दिले. दक्षिण अमेरिकेशी त्यांचा काही संपर्क मात्र खरोखरच आला होता. त्याचा भक्कम पुरावा कुठला? रताळे. दक्षिण अमेरिकेतले हे कंद युरोपियनांच्या आधीच पॉलिनेशियात पिकत होते. भिंतीसारखी भिंत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते. रताळे सुचत नाही, ते आणावेच लागते. जे आणल्याशिवाय पोचू शकत नाही तोच पुरावा, हा नियम मी त्या रताळ्यापासून शिकलो.

३

या सगळ्या लांबच्या नात्यांत जवळचा मुठवा कुठे राहिला?

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ चा. कोरकूंच्या प्रकरणात मुठव्याची नोंद आहे, ती अशी की गावात दगडांच्या ढिगाच्या रूपात हा देव असतो, त्याला डुकराचा बळी देतात, आणि रोगराई आली की विशेष नैवेद्य होतो. नोंद खोटी नाही. पण ‘दगडांचा ढीग’ या शब्दांशी थांबल्याने पुढच्या लेखकांना ते पुरेसे वाटले. ढीग कोणी रचला, कधी रचला, एक दगड हलला तर काय करतात, गाव उठले तर काय होते, हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नव्हते. मला त्या दगडांकडून ताहितीचा पत्ता हवा होता.

याबाबतीत धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांचे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) हे पुस्तक आजही वाट दाखवते. पुण्याच्या परिसरात वाटांच्या तिठ्यांवर, रानात, शेंदूर फासलेल्या देवींच्या दगडांपाशी ते पायी गेले. तिथे कोण येते, कधी येते, काय वाहते हे विचारले, आणि भोवतालच्या जमिनीवरची सूक्ष्म पाषाणहत्यारे वेचली. धनगरांच्या जुन्या वाटा आणि देवीची ठाणी यांचा मेळ त्यांनी दाखवला. त्यांच्यावर एक आक्षेप घेता येतो. हत्यारे आणि देवी एकाच जागी मिळाल्याने जागेचा वापर जुना ठरतो, पण पूजाही तितकीच जुनी ठरत नाही. चांगली जागा निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या कारणांसाठी पुन्हा पुन्हा निवडलेली असू शकते. तरीही कोसंबींनी प्रश्न जिवंत माणसाला विचारला, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा टिकून राहतो.

४

मेळघाट १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. पुढे गाभाक्षेत्रातली काही गावे टप्प्याटप्प्याने बाहेर आणली गेली, आणि त्यांतल्या कित्येकांच्या नव्या वसाहती अकोला जिल्ह्यात, अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला झाल्या. अमरावतीच्या डोंगरातले गाव अकोल्याच्या सपाटीवर आले. अशाच एका वसाहतीत मी गेल्या उन्हाळ्यात गेलो.

जाताना मनात एक नवी उपपत्ती तयार होती, हेही सांगून टाकतो. वाटले होते, तापुतापुआतेआचा दगड जसा नव्या मराएसाठी नेत, तसा या लोकांनी जुन्या गावच्या मुठव्याचा एखादा दगड इथे आणलेला असणार. मग वंशाचे नाही, तरी रीतीचे साम्य दाखवता येईल. जुना लेख मागे घेताना हातात निदान तेवढे राहील.

रांगेतल्या घरांच्या शेवटी एका कोवळ्या कडुनिंबाखाली मुठवा होता. पाच-सहा दगड, शेंदूर, फुटलेल्या नारळाची करवंटी. काळ्या मातीच्या त्या रानात खडा शोधून सापडायचा नाही, तेव्हा दगड आणलेले आहेत हे उघड होते. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले. हिंदीमिश्रित वऱ्हाडीत बोलत होते.

“बाबा, हे दगड जुन्या गावातून आणले असतील ना?” मी विचारले. प्रश्नातच उत्तर भरून विचारणे हा माझा जुना दोष.

“नाई भाऊ. नाल्यातले हायेत.”

“मग जुना मुठवा?”

“तो तं तिथंच हाये. त्याले कायले आनता? तो त्या गावचा.”

“आणि हा?”

“हा इथचा.”

थोडे थांबून त्यांनी सांगितले, की दगड कोठूनही आणता येतो, बसवायला भुमका लागतो आणि गाव हजर लागते. जुन्या गावात आता घरे नाहीत, पण मुठवा आहे. म्हणून वर्षाकाठी काही जण जातात. “आता फाटकावर नाव लिहा लागते,” ते म्हणाले. “देवाच्या घरी जाले नाव लिहा लागते.” त्यात तक्रारीचा सूर फारसा नव्हता. असे असे आहे, एवढेच.

माझी दुसरी उपपत्तीही त्या ओट्यावर संपली. एका वसाहतीतल्या एका माणसाच्या बोलण्यावरून सगळ्या कोरकूंची रीत ठरत नाही, हे मी जाणतो. दुसऱ्या गावी कोणी दगड आणलाही असेल. पण या गावापुरते तरी माझे गृहीत चुकीचे होते. तापुतापुआतेआचा दगड दुसऱ्या बेटावर गेला की आपली सत्ता बरोबर नेई. इथला मुठवा शिवेला बांधलेला. गाव उठून गेले तरी तो गावाबरोबर उठत नाही, आणि नव्या गावाला नवा बसवावा लागतो. म्हणजे दोन जागी देवाचे आणि जमिनीचे नाते वेगवेगळ्या तऱ्हेने बांधलेले आहे. तुलनेतून काही शिकायला मिळाले असेल, तर ते या फरकातून.

५

बकच्या भेटीपाशी पुन्हा येतो, कारण तिची कथा १९३८ ला संपत नाही. १९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही जुन्या पद्धतीने बांधलेली जोडहोडी हवाईहून ताहितीला गेली. होकायंत्र नाही, नकाशा नाही. माउ पियाइलुग या मायक्रोनेशियन नाविकाने तारे आणि लाटा पाहून ती नेली. १९९५ मध्ये हवाई, कुक बेटे, न्यूझीलंड इथल्या होड्या तापुतापुआतेआला एकत्र आल्या आणि जुनी निषेधाज्ञा उठवण्याचा विधी तिथे झाला. २०१७ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा यादीत घेतली. बकला जे दगड मुके दिसले तेच दगड तिथे होते. फक्त माणसे परत आली.

आपल्याकडे जुनापाणीच्या वर्तुळांचे आता कोणी वारस नाही. तिथे प्रश्न मातीला विचारावा लागतो आणि ते काम उत्खनन करणारे करीत आहेत. मुठव्याचे तसे नाही. त्याचे वारस अकोट-तेल्हाऱ्याच्या वसाहतींत ओट्यावर बसलेले आहेत. ज्यांनी जुन्या गावात मुठवा बसवताना पाहिला, किंवा बसवणाऱ्याकडून ऐकला, ती पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे. माझ्या जुन्या लेखाने केलेले खरे नुकसान हे, की बारा वर्षे मी त्यांच्याजवळून ताहितीकडे पाहत राहिलो. त्या काळात विचारता आली असती अशी काही माणसे आता नाहीत.

म्हणून तरुण अभ्यासकांना, विशेषतः अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत इतिहास आणि मराठी शिकणाऱ्यांना, एक विनंती. उठलेल्या प्रत्येक गावाची एक वही करावी. जुना मुठवा कोणत्या झाडाखाली, दगड किती, कोणत्या दिशेला. भुमका कोण होता. नवा कधी बसवला, दगड कुठून आणले, कोण हजर होते. जुन्याकडे आता कोण जाते, किती जण, कोणत्या महिन्यात. वहीत उपपत्ती लिहू नये, लिहायचीच तर शेवटच्या पानावर पेन्सिलीने. पहिल्या वहीचे काम मी सुरू केले आहे. तिच्यात आज एकाच गावाची तीन पाने आहेत, आणि पहिल्या पानावर माझ्या प्रश्नापुढे ‘नाई भाऊ’ असे उत्तर लिहिलेले आहे.